निगेटिव्ह रक्तातील पॉझिटिव्ह अहवाल

२०२५ च्या जुलै महिन्यात देशभरातील वृत्तपत्रांत एक बातमी आली. कर्नाटकातील कोलार येथील एका महिलेची हृदयशस्त्रक्रिया व्हावयाची होती. तिचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, म्हणजे आपल्या देशात सहज मिळणारा. तरीही साठ्यातील ओ पॉझिटिव्ह रक्ताची एकही पिशवी तिच्याशी जुळेना. नमुना बंगळुरू येथील रोटरी-टीटीके रक्तकेंद्राच्या प्रगत प्रयोगशाळेत गेला. तेथे असे दिसले, की तिचा रक्तरस समोर येणाऱ्या प्रत्येक तांबड्या पेशीशी भांडतो. कुटुंबातील २० जणांचे नमुने तपासले. एकही जुळला नाही. अखेर रक्त न चढवताच शस्त्रक्रिया पार पाडण्यात आली आणि नमुने ब्रिटनमधील ब्रिस्टलच्या आंतरराष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेकडे रवाना झाले. दहा महिन्यांच्या संशोधनानंतर निष्कर्ष निघाला: क्रोमर या रक्तगट-प्रणालीतील, आजवर कोणालाही ठाऊक नसलेले प्रतिजन उजेडात आले होते. त्याचे नाव ठेवले ‘क्रिब’; क्रोमरची दोन अक्षरे, इंडियाचे एक आणि बंगळुरूचे एक. जून महिन्यात मिलान येथील रक्तसंक्रमण परिषदेत त्याची घोषणा झाली.

बहुतेक बातम्यांचे मथळे ‘जगातील नवा रक्तगट भारतात’ असे होते, आणि ते स्वाभाविकच आहे. माझे लक्ष मात्र त्या बातमीच्या आरंभाकडे गेले. हा शोध एखाद्या भव्य प्रकल्पातून निघालेला नव्हता. रक्तकेंद्रात नित्य होणाऱ्या, दिसावयास अत्यंत साध्या अशा तपासणीत तो प्रथम डोकावला. रुग्णाच्या रक्तरसात परक्या तांबड्या पेशींविरुद्ध काही आहे काय, एवढाच प्रश्न त्या तपासणीत विचारलेला असतो. या तपासणीशी माझी ओळख त्याच्या सहासात महिने आधी झाली होती, आणि ती ओळख सुखाची नव्हती.

आम्ही कुरुदला राहतो. छत्तीसगढात कुरुद दोन आहेत. धमतरी जिल्ह्यातील तहसिलीचे कुरुद वेगळे, आमचे भिलाईतले. पोलाद कारखान्याच्या नोकरीत सेक्टरमधील क्वार्टरमध्ये आयुष्य गेले आणि निवृत्तीनंतर अनेकांप्रमाणे टाउनशिपबाहेर घर बांधून आम्ही येथे स्थिरावलो. २०२४ च्या डिसेंबरात मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. पुण्यात तिचे घर; सातव्या महिन्याचे डोहाळजेवण तिकडेच उरकून आझाद हिंद एक्सप्रेसने ती दुर्गला उतरली. येथील रुग्णालयात नाव नोंदवताना सर्व तपासण्या पुन्हा करण्यास सांगितले, तेव्हा एकतिसावा आठवडा चालू होता. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह, जावयांचा ओ पॉझिटिव्ह; हे आम्हांला लग्नापासून ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी एका खाजगी प्रयोगशाळेचा अहवाल मोबाइलवर आला. त्यात ठळक अक्षरांत एक ओळ होती: इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट, पॉझिटिव्ह.

त्या संध्याकाळी घरात जे झाले ते सविस्तर सांगण्यासारखे नाही. पत्नीने देवासमोर दिवा लावला आणि ती तेथेच बसून राहिली. शेजारच्या वहिनींनी विचारले, “निगेटिव में पॉझिटिव कैसे?” प्रश्न भाबडा होता, पण त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आंतरजालावर शोधले तर पहिल्याच पानावर ‘गर्भाचा रक्तक्षय’, ‘गर्भाच्या शरीरात पाणी साचणे’, ‘गर्भाशयातच रक्त चढवणे’ असे शब्द समोर आले. मुलगी शांत होती. तिने फक्त इतकेच विचारले, “बाबा, माझे रक्त बाळाला मारते आहे का?” पोलादाच्या रासायनिक प्रयोगशाळेत ३४ वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या मुलीच्या अहवालातील चार शब्द वाचता येऊ नयेत, याची त्या रात्री मला फार लाज वाटली. पुढील काही दिवसांत जे वाचले, ज्यांना विचारले, त्यावरून जे समजले ते येथे मांडतो.

तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर शर्करा व प्रथिने यांच्या विशिष्ट रचना असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. ए, बी आणि आरएच-डी ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, पण अशी शेकडो प्रतिजने आज ज्ञात आहेत: केल, डफी, किड, एमएनएस अशा कितीतरी प्रणालींत विभागलेली. आपल्या पेशींवर नसलेले एखादे प्रतिजन शरीरात शिरले, तर शरीर त्याविरुद्ध प्रथिन घडवू शकते. हेच प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. ए आणि बी यांविरुद्धची प्रतिपिंडे कोणाचेही रक्त न घेता बालपणीच तयार होतात. इतरांच्या बाबतीत मात्र परक्या रक्ताचा प्रत्यक्ष संबंध यावा लागतो, आणि असा संबंध येण्याचे मार्ग प्रामुख्याने दोनच: रक्त चढवणे आणि गर्भारपण.

गर्भारपणाचा हा मार्ग १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ध्यानात आला. मृत बाळ प्रसवलेल्या एका स्त्रीला तिच्या पतीचे रक्त चढवले, गट जुळत असूनही, आणि तिला तीव्र प्रतिक्रिया आली. फिलिप लेव्हिन व रूफस स्टेट्सन यांनी अनुमान केले, की पित्याकडून बाळाला मिळालेले काहीतरी आईच्या रक्ताने आधीच ओळखलेले होते. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर व वीनर यांचा आरएच घटकावरील शोधनिबंध आला आणि त्या ‘काहीतरी’ला नाव मिळाले.

पण एक अडचण उरली. अशा आईच्या रक्तरसात प्रतिपिंड असणार हे उघड दिसत होते, मात्र तिचा रक्तरस बाळाच्या पेशींत मिसळला तर अनेकदा काहीच घडत नसे. ए-बी गटाची तपासणी करताना पेशींचे पुंजके क्षणात डोळ्यांना दिसतात, कारण ती प्रतिपिंडे बहुतांशी आयजीएम या मोठ्या रेणूंची असतात. दहा हातांनी ती अनेक पेशींना एकत्र आवळतात. आयजीजीचा रेणू त्यामानाने लहान, दोनच हातांचा. तांबड्या पेशींवर ऋण विद्युतभार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात, आणि ते अंतर आयजीजीच्या आवाक्यात येत नाही. तो पेशीला चिकटून बसतो, परंतु दिसत नाही. आणि वार ओलांडून बाळापर्यंत जाणारा रेणू नेमका हाच.

या अदृश्याला दृश्य करण्याची युक्ती १९४५ साली केंब्रिजमध्ये रॉबिन कूम्ब्स, आर्थर मूरंट आणि रॉबर्ट रेस यांनी प्रसिद्ध केली. कूम्ब्स शिक्षणाने पशुवैद्य होते. युद्धकाळात लंडनहून केंब्रिजला परतणाऱ्या रात्रीच्या गाडीत, मंद दिव्यांच्या डब्यात बसलेले असताना ही कल्पना सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. (कार्लो मोरेस्की या इटालियन संशोधकाने हेच तत्त्व १९०८ मध्येच मांडले होते, ते विस्मरणात गेले होते.) कल्पना अशी: मानवी प्रतिपिंड हे स्वतः एक प्रथिन आहे. ते सशाला टोचले तर ससा त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करील. सशाचे हे प्रतिपिंड पेशींवर चिकटलेल्या मानवी प्रतिपिंडांना एकमेकांशी जोडील, आणि पेशींचे पुंजके होतील. प्रतिपिंडाविरुद्ध प्रतिपिंड! मला ही युक्ती समजली तेव्हा चिंतेतही क्षणभर आनंद झाला, हे कबूल करतो.

तपासणीची कृती येणेप्रमाणे. आईच्या रक्तातील पेशी वेगळ्या काढून राहिलेला द्रव घेतात. त्यात ओ गटाच्या तांबड्या पेशी मिसळतात. या पेशी दोन किंवा तीन निवडक दात्यांच्या असतात आणि प्रत्येक दात्याच्या पेशींवर कोणती प्रतिजने आहेत याचा तक्ता सोबत असतो. ओ गटच का? तर त्या पेशींवर ए व बी नसतात. अन्यथा नैसर्गिक ए-बी प्रतिपिंडांच्या गोंधळात मूळ प्रश्न हरवून जाईल. हे मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाला ठेवतात. प्रतिपिंड असेल तर एवढ्या वेळात ते पेशींवर बसते. मग मिठाच्या द्रावणाने पेशी धुतात, एकदा नव्हे तर तीनदा. हे धुणे कंटाळवाणे पण निर्णायक आहे. न चिकटलेले प्रतिपिंड नळीत राहिले, तर सशाचे औषध त्याच्यावरच खर्च होते आणि पेशींपर्यंत पोहोचत नाही. अहवाल निगेटिव्ह येतो आणि तो खोटा असतो. म्हणूनच चांगला तंत्रज्ञ निगेटिव्ह नळीत शेवटी मुद्दाम प्रतिपिंड-लेपित पेशी टाकून पाहतो. त्यांचे पुंजके झाले, म्हणजे औषध जिवंत आहे आणि निगेटिव्ह खरा आहे. आम्ही पोलादाचे नमुने तपासताना मधूनमधून प्रमाणित नमुना यंत्रात घालून यंत्राचीच परीक्षा घेत असू; त्याचा हा सख्खा भाऊ. अलीकडे बऱ्याच ठिकाणी नळ्यांऐवजी जेल भरलेले कार्ड वापरतात. त्यात पुंजके जेलच्या वर अडकतात, सुट्या पेशी तळाशी जातात, आणि धुण्याची गरज उरत नाही.

येथे एक फरक सांगून ठेवतो, कारण अहवालांत तो नेहमी चुकतो. रुग्णाच्या रक्तरसात प्रतिपिंड मोकळे फिरते आहे काय, हे शोधते ती इनडायरेक्ट कूम्ब्स. शरीरातील तांबड्या पेशींवर ते आधीच चिकटलेले आहे काय, हे शोधते ती डायरेक्ट कूम्ब्स. गर्भवतीची करतात ती पहिली, नवजात बाळाची करतात ती दुसरी.

आता अहवालाकडे येऊ. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की त्या दोनतीन पेशींपैकी निदान एकीशी रक्तरसाने प्रतिक्रिया दिली. कोणते प्रतिपिंड, किती प्रमाणात, कोठून आले, ते बाळाला बाधेल काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात नसते. ते मिळवण्यासाठी पुढची पायरी लागते: दहा-अकरा वेगवेगळ्या दात्यांच्या पेशींचा संच घेऊन कोणाशी प्रतिक्रिया होते व कोणाशी होत नाही, हे तक्त्याशी ताडून पाहायचे. शब्दकोड्यासारखेच काम ते. त्यानंतर रक्तरस दुप्पट-दुप्पट विरळ करीत जायचे आणि कोणत्या विरळतेपर्यंत प्रतिक्रिया टिकते ते नोंदवायचे. यास टायटर म्हणतात. डीविरुद्धच्या प्रतिपिंडाचे टायटर १६ किंवा ३२ या मर्यादेला पोहोचले, की डॉक्टर बाळाच्या मेंदूतील रक्तवाहिनीचा डॉप्लर करून रक्ताचा वेग पाहतात. रक्त पातळ झाले, म्हणजे बाळाला रक्तक्षय झाला, की ते अधिक वेगाने धावते. आमच्या हाती आलेल्या पानावर यांपैकी काहीही नव्हते. फक्त ती एक ओळ आणि खाली ‘कृपया क्लिनिकल संदर्भ जोडून पाहावे’ असा छापील शेरा.

हा शेरा आपण कोणीच वाचत नाही. आमच्या भागात तापाच्या दिवसांत विडाल तपासणीचे अहवाल घरोघर फिरतात. जुना टायफॉइड किंवा लस यांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, तरी त्या एका शब्दावर लोक सलाइन लावून घेतात. कोविडच्या काळात आयजीजीचा आकडा अभिमानाने सांगणारे लोक आपण पाहिले. प्रतिपिंड म्हणजे रोग असा आपला समज, किंवा प्रतिपिंड म्हणजे कवच असा. वस्तुतः प्रतिपिंड ही केवळ एक आठवण आहे, आणि कधीकधी ती आठवण आपली स्वतःचीही नसते.

हे शेवटचे वाक्य मला एका तंत्रज्ञ बाईंनी शिकवले. डॉक्टरांनी आम्हांला एका मोठ्या रक्तकेंद्राकडे पाठवले होते. बाईंनी नमुना घेतला, नाव व तारीख दोनदा विचारून नळीवर लिहिली, आणि मग चष्म्यावरून मुलीकडे पाहत म्हणाल्या, “अँटी-डी का इंजेक्शन लगा है क्या?”

मुलगी म्हणाली, “हो. पुण्यात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात.”

बाईंनी पेन खाली ठेवले. “ये बात किसी ने पूछी नहीं?”

कोणी विचारली नव्हती. आणि न्यायाने बोलायचे तर आम्हीही सांगितली नव्हती. ते इंजेक्शन ज्या फाइलमध्ये नोंदलेले होते ती फाइल पुण्याच्या कपाटात राहिली होती. माहेरी जाताना साड्या, डिंकाचे लाडू, सासूबाईंनी दिलेली बाळगुटी असे सारे बरोबर आले. फाइल विसरली. पहिले बाळंतपण माहेरी ही आपली जुनी रीत. ती बाईला नव्या गावी आणते, नव्या डॉक्टरकडे नेते, पण तिच्या रक्ताचा इतिहास मागेच ठेवते. कारखान्यात ज्या नमुन्यावर हीट नंबर नसे तो नमुना मी हातातही धरत नसे. कोणत्या भट्टीतून, कोणत्या वेळी काढलेला हे ठाऊक नसेल तर कार्बनचा आकडा कितीही अचूक निघो, त्याचा उपयोग शून्य. आणि मीच माझ्या मुलीला हीट नंबराशिवाय प्रयोगशाळेत पाठवले होते.

अँटी-डी इंजेक्शन म्हणजे काय, तर डीविरुद्धची तयार प्रतिपिंडेच. निगेटिव्ह आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह पेशी शिरल्या, तर तिच्या शरीराने त्या ओळखून स्वतःची प्रतिपिंडे घडवण्याआधीच बाहेरून दिलेली प्रतिपिंडे त्यांचा निकाल लावतात, आणि आईच्या शरीरात ती आठवण रुजत नाही. यामागची यंत्रणा अजून पूर्णपणे उलगडलेली नाही, पण परिणाम निर्विवाद आहे. इंजेक्शन न देता प्रसूती झाली तर, बाळ पॉझिटिव्ह आणि ए-बी गट जुळणारा असताना, अशा मातांपैकी सुमारे १६ टक्क्यांत प्रतिपिंडे तयार होत. इंजेक्शनामुळे हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आणता येते. १९६० च्या दशकात लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क येथील दोन गटांनी ही पद्धत जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केली. १९६८ पासून ती प्रत्यक्ष वापरात आली. आपल्या देशात निगेटिव्ह रक्ताचे लोक ५ टक्क्यांच्या आसपास असले, तरी देशाचा आकार पाहता मातांची संख्या काही लहान नाही.

टोचलेले हे प्रतिपिंड आयजीजी असल्याने साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते, पुढच्या तीन आठवड्यांत त्याचेही निम्मे. म्हणजे इंजेक्शनानंतर कित्येक आठवडे कूम्ब्स तपासणी पॉझिटिव्ह येणे अपेक्षितच असते. ती यंत्राची चूक नव्हे. तपासणीला प्रतिपिंड दिसते. ते पाहुणे आहे की घरचे, हे तिला सांगता येत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच. ते ठरवायचे कशावरून? इंजेक्शनाच्या तारखेवरून, त्यापूर्वीच्या अहवालावरून, आणि टायटर चढते आहे की उतरते आहे यावरून.

जावयांनी त्या रात्री फाइलची छायाचित्रे पाठवली. बाराव्या आठवड्यातील कूम्ब्स तपासणी: निगेटिव्ह. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या पानावर कुपीवरचा चिकटपट्टीचा तुकडा, ३०० मायक्रोग्रॅम, बॅच क्रमांक, तारीख. रक्तकेंद्राच्या अहवालात प्रतिपिंड डीविरुद्धचेच निघाले, टायटर ४. दोन आठवड्यांनी पुन्हा केले, २. डॉक्टरांनी एकदा डॉप्लर करून खात्री करून घेतली. काळजीचे कारण नव्हते. मध्ये गेले होते नऊ दिवस.

आमचे प्रकरण एवढ्यावर मिटले. ते मिटल्यावरही मी वाचत राहिलो, आणि त्या वाचनात वारंवार मुंबई भेटली.

१९५२ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यासमोर असेच न सुटणारे कोडे आले. काही व्यक्तींच्या तांबड्या पेशी ओ गटाच्या दिसत. पण त्यांचा रक्तरस ओ गटाच्या पेशींनाही गोळा करी. ओ म्हणजे सर्वांना चालणारे रक्त, हा तेव्हाचा पाया. तोच हलला. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी इंग्लंडमधील रूथ सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह त्या वर्षीच्या ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. ए आणि बी ही प्रतिजने ज्या पायाभूत शर्करा-रचनेवर उभी राहतात तिला एच म्हणतात; ओ गटाच्या पेशीवर ती उघडी असते. या व्यक्तींच्या पेशींवर एचच नव्हते आणि रक्तरसात एचविरुद्ध प्रबळ प्रतिपिंड होते. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात त्याचे प्रमाण सुमारे १० हजारांत १ असे सांगितले जाते. युरोपात तो याहून कितीतरी दुर्मीळ.

आता वर सांगितलेली कृती आठवा. तपासणीच्या पेशी ओ गटाच्या असतात. म्हणजे बॉम्बे गटाच्या माणसाचा गट वरवर पाहून ‘ओ’ असा लिहिला गेला, तरी प्रतिपिंड तपासणीत सर्व पेशी एकदम पॉझिटिव्ह येतात आणि चूक उघडी पडते. ही तपासणी किंवा नीट केलेला क्रॉसमॅच वगळला, तर ‘ओ’ची पिशवी लागते आणि माणूस दगावू शकतो. भेंडे यांच्यापासून कोलारच्या घटनेपर्यंत ७३ वर्षे लोटली. पण दोन्ही ठिकाणी शोधाचे दार तेच आहे. जुळायला हवे होते ते जुळले नाही आणि कोणीतरी ‘यंत्रात काही बिघाड असेल’ म्हणून तो अहवाल बाजूला सारला नाही.

याच परंपरेत १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र उभे राहिले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था ती हीच, के. ई. एम.च्याच आवारात. १९७३ मध्ये बडकेरे, जोशी, भाटिया आदींनी तेथून आणखी एक प्रतिजन वर्णिले. युरोपीय लोकांत ते जवळजवळ आढळत नाही, मुंबईच्या लोकांत शंभरात दोनचारांत आढळते. म्हणून नाव पडले ‘इंडियन’, चिन्ह आयएन-ए. विद्यार्थ्यांनी या ठिकाणी थोडे थांबून विचार करावा. तपासणीच्या तयार पेशी प्रामुख्याने पाश्चात्त्य दात्यांच्या असतील, तर त्यांच्यावर आपल्याकडची अशी प्रतिजने असण्याची शक्यता कमीच. जो प्रश्न तक्त्यात नाही त्याचे उत्तर नळीत कसे येईल? ‘निगेटिव्ह’ याचा अर्थ ‘या दोनतीन पेशींवर जे आहे त्याविरुद्ध आज काही सापडले नाही’, असा वाचावा लागतो.

त्यातील ‘आज’ हा शब्द आमच्या छत्तीसगढात विशेष जड आहे. येथे सिकलसेल घरोघरी माहीत असलेला रोग आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. ७ कोटी लोकांच्या तपासणीचे आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य आहे. (ती तपासणी हिमोग्लोबिनची; तिलाही ‘स्क्रीनिंग’च म्हणतात, म्हणून गल्लत होते.) या रोगातील अनेकांना वारंवार रक्त चढवावे लागते आणि प्रत्येक पिशवीबरोबर काही परकी प्रतिजने शरीरात येतात. काहींच्या शरीरात त्यांविरुद्ध प्रतिपिंडे होतात. त्यांत आरएच प्रणालीतील ई, सी ही आणि केल ही नेहमीची. वाईट गोष्ट अशी, की काही प्रतिपिंडे काही महिन्यांत किंवा वर्षांत इतकी विरळ होतात, की तपासणीत सापडतच नाहीत. किड प्रणालीविरुद्धचे प्रतिपिंड यासाठी कुप्रसिद्ध आहे. अहवाल निगेटिव्ह, क्रॉसमॅच जुळलेला, रक्त चढवले. शरीराची आठवण मात्र पुसलेली नसते. आठवडाभरात प्रतिपिंडे उसळतात, नव्या पेशी फुटू लागतात, डोळे पिवळे होतात, अंग दुखते. आणि सिकलसेलच्या रुग्णाचे अंग दुखणे नवे नसल्याने ते नेहमीच्या दुखण्याच्या खाती जमा होते. हिमोग्लोबिन उतरले म्हणून कदाचित आणखी एक पिशवी लागते.

यावर उपाय ठाऊक आहेत: पहिल्या पिशवीपूर्वीच रुग्णाची विस्तृत प्रतिजन-तपासणी करून ठेवणे, आरएच व केल जुळवूनच रक्त देणे, आणि एकदा सापडलेले प्रतिपिंड कायमचे लिहून ठेवणे. पहिले दोन खर्चाचे आहेत. तिसऱ्याला एक कार्ड आणि एक पेन पुरते. तरीही अनेक लहान रक्तकेंद्रांत स्वतंत्र प्रतिपिंड तपासणीच होत नाही, थेट क्रॉसमॅचवर भिस्त असते, आणि गावोगाव कामासाठी फिरणाऱ्या माणसाचा एका केंद्रातील कागद दुसऱ्या केंद्रात पोहोचत नाही. माझ्या मुलीकडे छायाचित्र पाठवणारा नवरा होता. मजुरीसाठी नागपूरला गेलेल्या आणि तेथे आजारी पडलेल्या पोराकडे काय असते, हा विचार मनातून जात नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर मुलगी सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. नाळेतील रक्त तपासले: ओ पॉझिटिव्ह. डायरेक्ट कूम्ब्स किंचित पॉझिटिव्ह. या वेळी घरात कोणी दिवा लावून बसले नाही. आईला टोचलेले प्रतिपिंड थोडेसे वार ओलांडून बाळाच्या पेशींवर बसलेले असू शकते, हे आता आम्हांला ठाऊक होते. डॉक्टरांनी कावीळ व हिमोग्लोबिन पाहिले, दोन दिवस लक्ष ठेवले. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यायचे दुसरे इंजेक्शन दुसऱ्याच दिवशी दिले गेले.

बारसे झाले आणि मार्चच्या आरंभी बातमी वाचली, की ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन १७ फेब्रुवारीला, वयाच्या ८८ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या रक्तद्रवात डीविरुद्धचे प्रतिपिंड असामान्य प्रमाणात होते. ते त्यांनी १९५४ ते २०१८ या काळात १,१७३ वेळा दान केले; तेथील इंजेक्शने अशाच दात्यांच्या रक्तद्रवातून बनतात. आमच्या घरी आलेल्या दोन कुप्यांतील प्रतिपिंडे कोणाची होती हे कळण्याचा मार्ग नाही. मी बातमी मुलीला वाचून दाखवली. बाळ तिच्या मांडीवर झोपले होते.

मे महिन्यात ती पुण्याला परतली. फाइल या वेळी माझ्या पत्नीने स्वतःच्या हाताने बाळाच्या दुपट्यांच्या पिशवीत, सर्वांत वर ठेवली. आतल्या पहिल्या पानावर तिने लाल शाईने रक्तगट लिहिला आहे आणि त्याखाली दोन्ही इंजेक्शनांच्या तारखा. दुसऱ्या तारखेपुढे वेळही आहे: सकाळी ११.४०.